सहावं घर

पंचफुलाताई कोणाच्याही घरात शिरल्या की आधी गंजावरचं झाकण उचलतात आणि मग घरातल्या माणसांकडे बघतात. गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. जयभीम, राम राम, बसा, पाणी घ्या, हे सगळं नंतर. आधी झाकण, मग वाफेत नाक, मग निकाल. "अंबाडी केली वाटते. कण्या कमी पडल्या." एवढं झालं की खाली बसणार आणि विचारणार, "बाकी बरं हाय ना?"

घाटंजीत याचं कोणाला काही वाटत नाही. ताईंनी वर्षानुवर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवली आहे. ज्या घरातलं झाकण त्या उचलतात, त्या घरात त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठा झालेला एक तरी माणूस असतोच. एखादी नवी सून डोळे वटारते, तेव्हा ताई शांतपणे सांगतात, "तुह्या नवऱ्याले इचार. शेंगदाणे येचून येचून खाये, अन भात बाजूच्या पोट्ट्याच्या ताटात लोटे." मग सून हसते आणि स्वतःच दुसऱ्या गंजावरचं झाकण काढून दाखवते.

मी त्यांचा शेजारी. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत आहे, त्यामुळे आमच्या घरी काय शिजतं हे त्यांना झाकण न उचलताही कळतं. तरी उचलतात. माझा बसस्टँडच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग, पासपोर्ट फोटो, आणि खरं सांगायचं तर अलीकडे झेरॉक्सच जास्त. पण कॅमेरा समोर आला की माणसाचं काय होतं, हे तालुक्यात माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल. चांगला गप्पा मारत असलेला माणूस एकदम ताठ होतो, श्वास रोखतो आणि दवाखान्यात सुई टोचून घ्यायला बसल्यासारखा दिसायला लागतो. म्हणून जेव्हा ताईंनी सांगितलं की लोकांच्या स्वयंपाकाचं शूटिंग करायला पुण्याहून माणसं येणार आहेत आणि घरं शोधायचं काम त्यांच्याकडे आलंय, तेव्हा मी पोटभर हसलो.

काम आलं होतं प्रतीक्षाकडून. ही इथलीच पोरगी, ताईंची खिचडी खाऊन शिकली आणि पुण्यात एका कंपनीत लागली. ही कंपनी लोकांच्या घरी जाते, ते रोजचा स्वयंपाक कसा करतात ते कॅमेऱ्यात घेते आणि ते बघून दुसऱ्या कंपन्या ठरवतात की मसाल्याचं पाकीट केवढं काढावं आणि कढईला दांडा कुठून लावावा. मी लग्नात आचाऱ्याच्या कढईवर कॅमेरा फिरवला तर नवरीचा बाप ओरडतो, आणि इथे वरणाला उकळी येताना बघायला लोक पुण्याहून गाडी करून येणार. प्रतीक्षाचं हे पहिलंच स्वतंत्र काम होतं. तिनं साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं की घाटंजीत माझी मावशी आहे, ती सहा घरं काढून देईल. सहा म्हणजे सहा. एकही कमी पडलं, तर साहेब सगळं काम उचलून मुकुटबनला नेणार होते.

"मुकुटबनले?" ताई मला म्हणाल्या. "तिथं कोणाच्या हातची भाजी गोड लागते तुमाले, सांगा."

मुकुटबनच्या भाजीबद्दल माझं काही वाईट मत नाही, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. ताईंनी पदर खोचला आणि निघाल्या.

लोकांना पहिल्यांदा वाटलं की ही सरकारी चौकशी आहे. एका घरी ताई पोचायच्या आत दुसरा सिलिंडर गोठ्यात जाऊन कडब्याखाली लपला. एका आजोबांनी विचारलं, "आमच्या चुलीचं शूटिंग कायले? उद्या म्हणतीन, तुमी पोटभर जेवता, राशन बंद." ताईंचं उत्तर सगळीकडे एकच असायचं. "त्यांले एवढंच पाहाचं हाय का तुमी रोज कसं रांधता. जसं हाय तसं."

हे "जसं हाय तसं" त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की रस्त्यावरची पोरं त्यांना बघून तेच म्हणायला लागली. आणि नेमकी तिथेच सगळी गोम होती. लोक तयार झाले, आनंदाने झाले. पण जसं आहे तसं करायला कोणी तयार होईना. आमच्याकडे घरी माणूस आलं आणि त्याच्यापुढे रोजचं चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, ठेवलं, तर पाहुणा काही बोलत नाही, पण घरची बाई पुढे महिनाभर स्वतःला खात राहते. इथे तर पुण्याचे पाहुणे, तेही कॅमेरा घेऊन. रोजचं कसं करणार?

राऊतांच्या मोठ्या एकत्र घरात ताई तपासणीला गेल्या. हो, त्या तपासणी म्हणायच्या. मीही गंमत म्हणून बरोबर गेलो होतो. पहिल्या गंजात पाटोडीचा रस्सा, दुसऱ्यात बासुंदी, परातीत दोन प्रकारची भजी. शूटिंग पुढच्या महिन्यात होतं. हा नुसता सराव चालला होता.

"हे कोण खाते रोज?" ताईंनी विचारलं.

"आमीच," थोरली सून म्हणाली.

"मंग तुमी सगळे बिमार काहून नाई?"

सून जावेकडे बघायला लागली, जाऊ सासूकडे. शेवटी सासूनं कबूल केलं की रोज वांग्याची भाजी, वरण आणि पोळ्या असतात, आणि रात्री सकाळचंच फोडणी देऊन. "तेच पाह्यजे," ताई म्हणाल्या आणि जाताना बासुंदी मात्र वाटीभर पिऊन आल्या. "टाकाव लागन नाई तं," असं मला बाहेर येऊन सांगितलं.

चुलीवर रांधणारं एक घर हवं होतं, ते गावाबाहेरच्या वस्तीत मिळालं. तिथे आम्ही गेलो तर चुलीला गेरू लावलेला, भोवती रांगोळी, आणि म्हातारी लेकीच्या लग्नातला शालू नेसून हातात फुंकणी घेऊन बसलेली. मी मनात म्हटलं, आता हिचा फोटो काढावा, एवढी छान दिसत होती. ताईंनी दारातूनच सांगितलं, "शालूले ठिणगी लागली तं कंपनी भरून नाई देणार." म्हातारी रुसली. तिला रोजचं लुगडं नेसायला लावण्यात अख्खी दुपार गेली. तिचं म्हणणं, "मी मेल्यावर लोक हेच पाह्यतीन, अन त्यात मी फाटक्या लुगड्यात?" ताईंनी तिच्याजवळ बसून, तिच्या हातातली फुंकणी काढून घेऊन सांगितलं, "लोक तुह्यं लुगडं नाई पाहात माय, तुह्यी भाकर पाह्यतेत. तुह्यासारखी कोणाची फुगते?" मग कुठे शालू पेटीत गेला.

आमचंही घर त्या सहांत होतं, कारण ताईंना भिंतीपलीकडचं घर सोपं वाटलं. त्यांचा अंदाज चुकला. माझी बायको मंदा एरवी अत्यंत समजूतदार आहे. तिनं फ्रिजवर प्लॅस्टिकची फुलं आणून ठेवली, डब्यांना एकसारख्या रंगीत चिठ्ठ्या लावल्या आणि मला सांगितलं की शूटिंगच्या दिवशी तुम्ही ओट्यापाशी उभे राहून कांदा चिरायचा. मी लग्नापासून कांदा चिरलेला नाही. ताई आल्या, फुलं काढली, चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाल्या, "मंदा, हे घर हाय का हाटेल?" आणि माझ्याकडे वळून, "अन हे सुरी घेऊन काहून उभे हायत? लागन त्यांले." मंदा त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फुलं परत फ्रिजवर होती, ताई परत आल्या आणि फुलं परत उतरली. शेवटी मंदानं हात टेकले. ताईंपुढे सगळे टेकतात, फक्त कोणाला किती दिवस लागतात एवढाच फरक.

एक नोकरीवाल्या बाईचं आणि एक नव्या जोडप्याचं धरून अशी पाच घरं झाली. सहावं राहिलं. आणि सहाव्याची अट अशी होती की तिथे एकटंच राहणारं माणूस हवं, स्वतःपुरतं रांधून खाणारं.

ताईंना हे सगळ्यात सोपं वाटलं होतं. "एकटे काय कमी हायत गावात? पोरं गेली पुण्याले, नागपूरले, सुरतेले. ज्याच्या दारात उभं राहीन तो एकटाच." आणि ते खरंच होतं. आमच्याच रस्त्यावर संध्याकाळी बघावं तर घराघरात एकच दिवा. पण ताई ज्यांच्या दारात उभ्या राहिल्या, त्यांच्यापैकी एकही एकटा निघेना.

पहिले भगत गुरुजी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नागपूरला. ताईंनी विचारलं, "गुरुजी, तुमी एकटेच ना?" गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एकटा कसा? मुलगा आहे, सून आहे, दोन नातू आहेत." भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. तो फोटो मीच काढलेला आहे. ताई म्हणाल्या, "ते झालं. पण घरात?" गुरुजी म्हणाले, "घरात सगळेच आहेत. सध्या नागपूरला असतात." हे "सध्या" मी धाकट्या नातवाच्या बारशापासून ऐकतोय. तो नातू आता दाढी करतो.

त्यानंतर आमच्या मागच्या गल्लीतली यमुनाबाई. तिच्या दारात कायम पुरुषाच्या चपला असतात, चांगल्या चामड्याच्या. मुलगा कामासाठी बाहेरगावी गेला तेव्हा त्या राहिल्या. आठवड्याला ती त्या पुसते आणि परत तिथेच ठेवते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की घरात कोणी आहे. ताई तिच्याशी फार गोडीनं बोलल्या. कोणी तुह्यं नाव सांगणार नाई, कॅमेरेवाले चांगली पोरं हायत, थोडं मानधनही देतीन. यमुनाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"एकटी म्हणून लिवतीन का?" तिनं विचारलं.

"लिवाव तं लागन."

"मंग नको बापा. लोक म्हणतीन, पोरानं मायले टाकलं. तो बिचारा तिकळं राबून राह्यला, अन मी अथी त्याचं नाव खराब करू?"

ताई उठल्या आणि म्हणाल्या, "चाला भाऊ." वाटेत पदर डोक्यावर ओढून इतक्या झपाझप चालल्या की मी मागे पडलो. मला वाटलं, उन्हानं असेल.

मग सुनील कंडक्टर मिळाला. हा बाहेरगावचा, बिनलग्नाचा, भाड्याच्या खोलीत राहणारा. त्याला विचारल्याबरोबर तो खूश होऊन म्हणाला, "एकटा हाओ ताई, ठणठणीत एकटा." ताईंनी तिथेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग सवयीप्रमाणे त्याच्या शेगडीवरच्या गंजावरचं झाकण उचललं, तर आत मोजे. धुऊन ठेवले होते, तो म्हणाला. तो जेवायला खानावळीत जायचा, गॅस होता तो चहापुरता.

दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. ताईंनी सुनीलला स्वयंपाक शिकवायचं ठरवलं. ड्युटीवरून थकून आलेला तो गरीब माणूस रोज संध्याकाळी पीठ मळायला बसायचा आणि ताई समोर पाटावर बसून सूचना द्यायच्या. त्याची पहिली भाकर मी पाहिली. तिला चार बाजू होत्या. दुसऱ्या दिवशी त्याचा अंगठा भाजला आणि त्याला तिकिटं फाडता येईनात. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, हे जसं हाय तसं कुठे झालं? तुम्ही राऊतांची बासुंदी बंद केली, माझ्या बायकोची फुलं काढली, आणि आता या पोराला खोटा स्वयंपाकी करता?"

ताई खवळल्या. पण मी म्हणालो ते त्यांना पटलं होतं, म्हणूनच जास्त खवळल्या. सुनीलला त्यांनी त्याच संध्याकाळी मोकळं केलं. तो मला दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर भेटला तेव्हा त्यानं माझे आभार मानले.

कॅमेरेवाले येण्याचा दिवस जवळ आला. ताई सकाळी निघायच्या, दुपारी उन्हात येऊन आमच्या ओसरीत बसायच्या, पाणी प्यायच्या, परत निघायच्या. बाजाराच्या दिवशी त्यांनी मिरच्या विकणाऱ्या, मक्याची कणसं भाजणाऱ्या, सगळ्या म्हाताऱ्यांना गाठलं. प्रत्येकीच्या घरात कोणी ना कोणी निघालं. कोणाचा जावई येऊनजाऊन असतो, कोणाची नात सुट्टीत येते, एकीनं तर बकरी दाखवली. प्रतीक्षाचा रोज फोन यायचा आणि ताई रोज सांगायच्या, "होऊन राह्यलं बाई, तू काळजी नको करू." फोन ठेवला की पदरानं चेहरा पुसायच्या. त्या पोरीचं नाक कापलं जाऊ नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्याच दिवसांत एकदा मी बोलून गेलो. वाईट हेतूनं नाही. मला ते इतकं उघड वाटत होतं की इतके दिवस कोणी कसं बोललं नाही याचंच आश्चर्य होतं. मी म्हटलं, "ताई, सगळ्या गावात कशाला फिरता? तुम्हीच बसा ना कॅमेऱ्यासमोर."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी काहून?"

"तुम्ही पण एकट्याच की."

"मी कायची एकटी?" त्या म्हणाल्या. "नरेश हाय ना माहा."

नरेश हा त्यांचा मुलगा. पुण्यात एका कारखान्यात आहे. चांगला पोरगा आहे, व्यसन नाही, फोन करतो. मागे आला होता तेव्हा त्यानं आईला मिक्सर आणला, तो अजून खोक्यातच आहे. पण ते मागे म्हणजे किती मागे, हे आठवायला मलाही विचार करावा लागला. ताई उठल्या आणि गेल्या. पुढचे काही दिवस आमच्याकडे आल्या नाहीत. आमच्या गंजांवरची झाकणं जागची हलली नाहीत आणि मंदा दोनदा म्हणाली की घर कसंतरीच वाटतंय. मलाही वाटत होतं.

मग प्रतीक्षा आली. बरोबर एक कॅमेरेवाला पोरगा, गळ्यात दोन कॅमेरे. मी माझा दिव्याचा स्टँड घेऊन मदतीला गेलो. त्यांना तो नको होता, पण प्रतीक्षा चांगल्या घरची, नाही म्हणाली नाही. राऊतांच्या घरी वांग्याची भाजी झाली, वस्तीतल्या म्हातारीची भाकर टम्म फुगली आणि ती लुगड्यातच इतकी हसली की कॅमेरेवालाही हसला. नोकरीवाल्या बाईचं घर झालं, नव्या जोडप्याचं झालं. आमच्याकडे मंदानं वरणभात आणि मेथीची भाजी केली, अगदी रोजच्यासारखी, आणि कॅमेरा बंद झाल्याबरोबर कपाटातून पुरणपोळ्यांचा डबा काढला. ताईंनी पाहिलं आणि त्याच्या झाकणाला हातही लावला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की यांचं लक्ष इथे नाही.

पोळ्या खाऊन झाल्यावर प्रतीक्षानं विचारलं, "मावशी, सहावं घर कुठंय?"

"चाला," ताई म्हणाल्या.

मी स्टँड उचलला. मला वाटलं, गुरुजी पाघळले असतील. ताई अंगणातून बाहेर पडल्या, वळल्या आणि शेजारच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या दारासमोर उभ्या राहिल्या. कमरेची किल्ली काढली. कुलूप जरा अडकलं. प्रतीक्षा आणि तो पोरगा मागे चपला काढत होते, तेवढ्यात ताई हळू आवाजात मला म्हणाल्या, "काल नरेशले फोन केलता, भाऊ. म्हणलं, मले कॅमेऱ्यासमोर सांगाव लागन का मी एकटी राह्यतो. लोक तुले नावं ठेवतीन. चालन का?"

"काय म्हणाला?"

"म्हणे, चालन ना माय, त्यात काय. खरंच तं हाय." त्यांनी कुलूप काढलं. "लगेच म्हणे. इचार नाई केला."

मी तो निरुपयोगी स्टँड धरून आत गेलो.

ताईंचं स्वयंपाकघर लहान आहे. त्यांनी काही आवरलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. ओट्यावर शेगडी, परात, पिठाचा डबा, आणि कोपऱ्यात खोक्यातला मिक्सर. त्या सरळ कामाला लागल्या. कांदा चिरला, फोडणी टाकली, बेसन भिजवून त्यात सोडलं आणि चून रटरटायला लागलं. कॅमेऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. एवढ्या वर्षांत इतका मोकळा हात मी कोणाचा कॅमेऱ्यासमोर पाहिला नाही. मग त्यांनी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं.

प्रतीक्षा हातात कागद घेऊन बसली होती. तिला प्रश्न विचारायचे होते, ते तिचं कामच होतं. तिनं पहिला विचारला. "मावशी, घरात किती जण राहता?"

ताईंचा हात पिठात थांबला. मला यमुनाबाईच्या दारातल्या चपला दिसल्या, गुरुजींचा चष्मा दिसला. मला वाटलं, आता या म्हणणार दोघं. आणि म्हणाव्यात, असंही वाटलं.

"एक," ताई म्हणाल्या. "मी एकटीच राह्यतो."

आणि पीठ मळायला लागल्या. एक भाकर थापली, तव्यावर टाकली, भाजली, आचेवर फुगवली. दुसरा गोळा घेतला. दुसरी थापली. दुसरी फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवली. चुनाचेही दोन भाग केले, एक वाटीत आणि एक दुसऱ्या वाटीत. कॅमेरा ते सगळं घेत होता.

प्रतीक्षानं कागदाकडे बघितलं. "मावशी, पण हे तर दोघांचं झालं."

"राह्यतो एकटी. रांधतो दोघांचं. रोजच. तुह्या कागदात दोन्ही बसत असन तं लिव."

"दुसरं कोणाचं?"

"नरेशचं. येते म्हणते तो कधी कधी, न सांगता. गाडीतून उतरून भुकेला येईन अन घरात काही नसन, तं कसं होईन?"

"आणि नाही आला तर?"

"मंग संध्याकाळी मीच खातो. वाया नाई जात."

"आणि आला तर तू काय खाशील?"

ताई पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. "तं मी उपाशी. खुशीनं झोपन."

प्रतीक्षानं हातानं खूण केली आणि त्या पोरानं कॅमेरा खाली घेतला. सहावं घर झालं होतं. तिचं काम वाचलं होतं, आणि ती पोरगी डोळे पुसत होती. शाळेत असताना ती याच बाईपुढे ताटली धरून रांगेत उभी राहायची. ती पुढे सरकली आणि म्हणाली, "मावशी, आज ती भाकर मला दे. मी खाते."

ताईंनी दुरडी उचलली आणि तिच्या हाताला लागणार नाही अशी आपल्या मागे ठेवली.

"तुले दुसरी टाकून देतो, गरम," त्या म्हणाल्या आणि डब्यातून पीठ काढायला लागल्या. "ते नको घेऊ. संध्याकाळ व्हाची हाय अजून."